तिसऱ्या मजल्यावरचा पियानो पुण्याला न्यायचाय, तर तयारी काय करायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. ताई गिरगावात जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही, लाकडी जिना आहे. घरात यामाहाचा यू१ मॉडेलचा अपराइट, म्हणजे भिंतीला लावून उभा ठेवतात तसा पियानो आहे, आईंनी शिकवण्या घेऊन घेतलेला, आई आता नाहीत. मे महिन्यात सगळं बिऱ्हाड पुण्याला, कोथरूडला सातव्या मजल्यावर हलतंय. पॅकर्सवाला म्हणाला फ्रिज-कपाट नेतो तसाच हाही नेऊ, आणि एका काकांनी सांगितलं की निघायच्या आधी तारा सैल करून घे, नाहीतर रस्त्यात तटातट तुटतील. तर नेमकं काय करायचं?

मी २६ वर्षं पियानो ट्युनिंग आणि रिपेअरचं काम करतोय, मुंबई, पुणे आणि गोव्यात. बऱ्याच शिफ्टिंगला स्वतः उभा राहिलोय, आणि शिफ्टिंगमध्ये मोडलेले पियानो नंतर माझ्याकडेच आलेत, म्हणून सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगतो, पियानोचं नुकसान त्या एका दिवसात होतं तेवढंच, किंवा थोडं जास्तच, आधीच्या पंधरा दिवसांत न केलेल्या कामांमुळे आणि नंतरच्या दोन महिन्यांत होतं.

पहिलं काकांच्या सल्ल्याबद्दल. तारा अजिबात सैल करू नका. पियानोत साधारण २३० तारा असतात आणि त्या सगळ्यांचा मिळून ताण १८ ते २० टन असतो. हा ताण आतली बिडाची फ्रेम पेलते, ती त्यासाठीच ओतलेली असते, आणि टेम्पोतल्या हादऱ्यांनी तारा तुटत नाहीत. उलट ताण काढून पुन्हा चढवला तर जुन्या तारा चढवताना तुटतात, आणि साउंडबोर्डवरचा, म्हणजे तारांचा आवाज घुमवणाऱ्या लाकडी फळीवरचा दाब एकदा गेला की सूर परत बसायला पुढे कितीतरी महिने, चार-चार वेळा ट्युनिंग करत बसावं लागतं. सतारीची किंवा तंबोऱ्याची तार आपण प्रवासाला निघताना उतरवतो, त्यावरून हा समज आला असावा, पण तिथे लाकडी दांडी आणि भोपळा असतो, इथे बीड आहे.

आता पॅकर्सवाल्याचं म्हणणं. पियानो कपाटासारखा नाही, आणि हे नुसतं भावनेने सांगत नाहीये. पियानो भिंतीपासून जरा पुढे ओढून मागून बघा. मागे जाड उभे लाकडी खांब दिसतील, त्यांच्या पुढे साउंडबोर्ड, त्याच्यापुढे ती बिडाची फ्रेम. यू१चं वजन २२८ किलोच्या आसपास असतं आणि त्यातलं बहुतेक वजन मागच्या बाजूला आणि वरच्या अंगाला आहे. पुढून जे दिसतं, बोटांनी वाजवायच्या पट्ट्या, झाकण, पुढचे दोन पाय, ते त्यामानाने हलकं आहे. म्हणून अपराइट पियानो कलंडला तर मागे कलंडतो. कपाट उचलायची सवय असलेला माणूस पुढून धरतो, मागचा माणूस नुसता आधार द्यायला हात लावून उभा असतो, आणि सगळं ओझं नेमकं त्याच्याच अंगावर येतं. हमालांना सुरुवातीलाच पियानोची मागची बाजू दाखवा, हे सांगायला दोन मिनिटं लागतात आणि त्यांना लगेच कळतं, त्यांचा आयुष्यभराचा धंदाच वजनाचा आहे.

दुसरी गोष्ट चाकांची. खालची चार छोटी चाकं बघून सगळ्यांना वाटतं ढकलत नेऊ. ती चाकं झाडताना-पुसताना चार इंच पुढे-मागे करण्यापुरती समजा. काही वर्षांपूर्वी दादरला एका घरी मी उंबऱ्यापाशीच उभा होतो, मी बोलेपर्यंत चौघांनी ढकलून पियानो उंबऱ्यावर घेतला, पुढचं डावं चाक उंबऱ्याच्या कडेला अडकलं, मागून ढकलणारा थांबला नाही, आणि काडी मोडावी तसा पुढचा पाय कडकन तुटला. पाय नंतर जोडून दिला, पण त्या तडाख्याने पट्ट्यांखालची फळी एका बाजूला सरकली होती आणि पट्ट्यांची उंची परत सारखी करायला माझे दोन पूर्ण दिवस गेले. म्हणून पियानो कायम डॉलीवर. चार रबरी चाकांची, बुटकी, मजबूत डॉली. एक टोक उचलायचं, डॉली मधोमध सरकवायची, मग उचललेलं टोक हळूच सोडायचं. आणि उंबऱ्यावर १८ मिलिमीटरच्या प्लायचा उतार करून घ्यायचा.

आता माप. हे काम आजच करा, पॅकर्सचं कोटेशन घ्यायच्याही आधी. यू१ची रुंदी १५३ सेंटीमीटर, खोली ६२ च्या जवळपास, उंची १२१. दारातून जाण्याचा प्रश्न सहसा येत नाही कारण दार ७५-८० सेंटीमीटरचं तरी असतं, प्रश्न येतो जिन्याच्या वळणावर. पियानो लँडिंगवर आडवा फिरवायचा तर त्याच्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत जेवढं अंतर तेवढी मोकळी जागा लागते, ते येतं सुमारे १६५ सेंटीमीटर, आणि गोधड्या गुंडाळल्यावर १७५ धरा. तुमच्या लँडिंगला कठड्यापासून भिंतीपर्यंत तेवढी जागा आहे का? नसेल तर पियानो कठड्याच्या वर उचलून वळवावा लागतो, म्हणजे माणसं वाढतात आणि धोकाही वाढतो. मी एक करतो, फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा जोडून १५३ बाय ६२ चा तुकडा कापतो आणि तो आडवा धरून दोघं जण जिना उतरून बघतो. कुठे अडतो, कुठला मीटर बॉक्स मध्ये येतो, कुणाची सायकल आणि चपलांचा स्टँड हलवायला लागेल, सगळं दहा मिनिटांत कळतं.

गिरगावच्या जुन्या बिल्डिंगबद्दल एक गोष्ट काळजीने सांगतो. पियानो २२८ किलो आणि त्याला धरून पाच माणसं, म्हणजे एका वेळी जिन्याच्या एकाच भागावर पावणेसहाशे किलोच्या वर भार येतो. जिना लाकडी असेल तर आदल्या आठवड्यात एकेक पायरी पाय देऊन बघा, सडलेली किंवा हलणारी पायरी सुताराकडून आधी बसवून घ्या. आणि बिल्डिंगला टेकू लावलेले असतील, जिन्याखाली बल्ल्या असतील, तर जिन्याने नेऊच नका, कितीही जण म्हणाले की आम्ही नेतो. मग बाल्कनीतून खाली सोडायचा, हायड्रा क्रेनने नाहीतर चेन पुलीने. त्यासाठी ग्रिल काढावं लागतं, सोसायटीची परवानगी लागते, रस्त्यावर गाडी उभी करायला वाहतूक पोलिसांशी बोलून ठेवावं लागतं, खर्च वाढतो, पण मुंबईत पूर्वीपासून कितीतरी पियानो असेच चढले-उतरलेत. फक्त हे काम पियानो किंवा तसलीच जड नाजूक वस्तू लटकवायची सवय असलेल्या माणसांकडूनच करून घ्या.

आता निघण्याआधीच्या पंधरा दिवसांतली कामं.

ट्यूनरला एकदा बोलवा, ट्युनिंगसाठी नाही, तपासायला. मुंबईत ट्युनिंग करून पुण्याला नेणं म्हणजे पैसे वाया. त्याच्याकडून ट्युनिंगच्या पिना, म्हणजे तारा ज्यांना गुंडाळलेल्या असतात त्या, किती घट्ट आहेत ते बघून घ्या, कारण पुण्याच्या कोरड्या हवेत लाकूड आकसलं की आधीच ढिल्या असलेल्या पिना आणखी ढिल्या होतात आणि मग सूर टिकत नाही. आतल्या ॲक्शनचे, म्हणजे पट्टी दाबली की हॅमर तारेवर मारणाऱ्या यंत्रणेचे, स्क्रू आवळून घ्या. साउंडबोर्डला तडा आहे का, असेल तर कुठे, याचा फोटो काढून ठेवा, म्हणजे नंतर तो प्रवासात गेला की आधीपासून होता याचा वाद होत नाही. वरचं झाकण उघडलं की फ्रेमवर सिरीयल नंबर दिसतो, त्याचाही फोटो. आणि मोबाईलवर एकदा डावीकडून उजवीकडे सगळ्या ८८ पट्ट्या एकेक वाजवून रेकॉर्डिंग करा, तिन्ही पेडल दाबून दाखवा. इन्शुरन्स काढणार असाल तर घरसामानाच्या यादीत नुसतं म्युझिक आयटम असं लिहू देऊ नका, पियानो, मॉडेल, सिरीयल नंबर आणि किंमत वेगळी लिहून घ्या. वापरलेल्या घरसामानाला ई-वे बिल लागत नाही, तरी सामानाची सही केलेली यादी ड्रायव्हरकडे असू द्या.

मग खालचं पॅनेल उघडा. पट्ट्यांच्या खाली हात घातला की मध्ये एक पत्र्याची स्प्रिंग हाताला लागते, ती वर दाबली की खालची फळी पुढे येते. आत काय आहे ते बघा. मुंबईतल्या बहुतेक पियानोत दमटपणासाठी हीटर रॉड लावलेला असतो, काही घरांत नुसता झिरोचा बल्ब लटकवलेला असतो. बल्ब काढून टाका, रॉडचा प्लग काढून वायर नीट गुंडाळून आतल्या आत बांधा, लोंबकळती ठेवू नका. डांबरगोळ्या टाकल्या असतील तर एकूण एक वेचून काढा, प्रवासात त्या घरंगळत जाऊन पेडलच्या यंत्रात अडकतात. उंदराची लेंडी, वाळवीची माती, कसर लागलेलं फेल्ट यातलं काही दिसलं तर ते मुंबईतच साफ करून घ्या. मी आतून पेन्सिली, जपमाळेचे मणी, २५ पैशांची नाणी आणि एकदा एका मुलीची हरवलेली कानातली रिंग काढून दिलीये, शिकवण्या चालणाऱ्या घरांत तर हमखास काहीतरी सापडतं, तुमच्याही आत काही निघालं तर जपून ठेवा.

पट्ट्यांवरचं झाकण बंद करून कुलूप असेल तर लावा, आणि किल्ली काढून स्वतःच्या पर्समध्ये ठेवा. कुलुपात राहिली तर तिथेच मोडते. कुलूप नसेल तर झाकणावर चिकटपट्टी लावू नका, ती काढताना पॉलिश सोलून निघतं. आधी चादर आणि मग त्यावरून पट्टा, तेवढं पुरतं. मधलं पेडल दाबून डावीकडे सरकवून अडकवा, घरी हळू आवाजात सराव करताना करतात तसं. त्याने हॅमर आणि तारांच्या मध्ये फेल्टची पट्टी येते आणि हादऱ्यांत हॅमर तारांवर आपटत नाहीत. बेंच वेगळं, त्यातली स्वरलिपीची पुस्तकं वेगळी, ती टेम्पोत टाकूच नका, तुमच्याबरोबर न्या. आईंच्या हातच्या पेन्सिलच्या खुणा त्यात असतील तर त्या पियानोपेक्षाही मोलाच्या आहेत.

आता गुंडाळायचं कशात यावर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त चूक इथेच होते. पॅकर्सवाले आले की पहिल्यांदा बबल रॅप काढतात. एकदा मे महिन्यातच एक काळा चकचकीत पियानो मुंबईहून निघाला, पॉलिशवर थेट बबल रॅप, त्यावर क्लिंग फिल्मचे वेढे, आणि गाडी संध्याकाळी पोचण्याऐवजी रात्रभर आणि दुसरा अर्धा दिवस बंद कंटेनरमध्ये उन्हात उभी राहिली. मी पोचलो तेव्हा मालकांनी नुकतंच प्लास्टिक काढलं होतं. वरच्या झाकणावर, दोन्ही बाजूंना, सगळीकडे गोल गोल ठसे, अगदी एकसारख्या रांगांत, बोट फिरवलं तर हाताला लागत होते. ते ठसे पुसून जात नाहीत, सगळं पॉलिश घासून परत करावं लागतं. म्हणून पॉलिशला लागून फक्त सुती कापड. सगळ्यात उत्तम म्हणजे आपली जुनी धुतलेली गोधडी. चार-पाच गोधड्या लागतात, वरून एक, दोन बाजूंना दोन, पुढून-मागून एकेक, कोपऱ्यांवर दुहेरी घडी. त्यावर सुती पट्ट्यांनी बांधायचं, आणि क्लिंग फिल्म लावायचीच असेल तर गोधडीच्या वरून, सगळं जागेवर राहायला. पावसाची शक्यता असेल तर ताडपत्री सगळ्यात वरून आणि फक्त चढवता-उतरवताना.

जुने इंग्लिश किंवा जर्मन पियानो असतील तर पुढे मेणबत्तीचे पितळी हात असतात, ते स्क्रू काढून वेगळे पॅक करा. आणि हे जुने पियानो बऱ्याचदा सरसाने जोडलेले असतात, सरस उष्णतेने आणि दमटपणाने मऊ पडतो, त्यामुळे त्यांना बंद गाडीत उन्हात ठेवणं यू१पेक्षाही वाईट.

ज्यांच्याकडे ग्रँड, म्हणजे तीन पायांवरचा मोठा आडवा पियानो आहे त्यांच्यासाठी थोडक्यात, ते काम स्वतः उभं राहून साध्या हमालांकडून करून घेऊच नका. आधी मोठं झाकण उतरवतात, मग पेडलचा साचा काढतात, मग पट्ट्यांकडे तोंड केल्यावर डावीकडे येतो तो पुढचा पाय काढून तो कोपरा हळूच खाली घेतात, आणि पियानो त्याच्या सरळ बाजूवर, जाड गादी असलेल्या फळीवर उभा करून मग उरलेले दोन पाय काढतात. क्रम चुकला तर उरलेल्या दोन पायांवर तिरका भार येऊन ते मोडतात. मध्यम आकाराचा ग्रँड सव्वातीनशे किलोचा असतो. डिजिटल पियानो असेल तर स्टँडचे स्क्रू काढा, जुनं खोकं असेल तर त्यात घाला, झालं.

उचलायचा दिवस. सपाटीवर चार माणसं पुरतात, जिन्याला सहा. त्यात एकाचाच आवाज, मुकादमाचा, बाकी कुणी मध्ये सूचना द्यायच्या नाहीत, घरच्यांनी तर नाहीच. जिन्यावर पियानो लांबीच्या दिशेने, एक टोक पुढे करून, फळीवर बेल्टने बांधून उतरवायचा, खाली दोघं, वर दोघं, आणि वरच्यांच्या हातात एक जाड दोर जो वरच्या मजबूत आधाराला एक वेढा घेऊन आलेला. कठडा हा मजबूत आधार नाही. उरलेले दोघं आलटून पालटून. प्रत्येक लँडिंगवर पियानो लाकडी ठोकळ्यांवर टेकवून श्वास घ्यायचा. मागच्या खांबांच्या खाचेत धरायला जागा असते, पुढून पट्ट्यांच्या खालच्या जाड फळीला खालून हात लावायचा, पायांना आणि वरच्या झाकणाच्या कडेला कधीच नाही. लहान मुलं आणि शेजारी जिन्यावर नकोत. हमालांना घाई करू नका, त्या दिवशी दुसरं सामान त्यांच्याकडे देऊ नका, पियानो सगळ्यात आधी, अंगात ताकद असताना उतरवा, आणि मध्ये चहा-पाणी द्या. चिडलेला किंवा थकलेला माणूस वजन सोडतो.

गाडी बंद बॉडीची घ्या. छोटा हत्ती किमतीला परवडतो पण हलकी गाडी हादरते, आयशर किंवा ४०७ घ्या आणि त्यात बाकीचं सामानही असू द्या, भरलेल्या गाडीचे पाटे बसतात आणि ती कमी उडते. पियानो केबिनच्या बाजूला, पाठ पुढच्या भिंतीला टेकवून, गाडीच्या रुंदीत उभाच ठेवा. ब्रेक लागला की सामान पुढे जातं, आणि मग पियानो आपल्या सगळ्यात मजबूत बाजूने भिंतीला टेकतो. मागच्या चाकांवर किंवा त्यांच्या मागे ठेवू नका, खड्ड्याचा सगळ्यात मोठा झटका तिथे बसतो. डॉली काढून खाली दोन लाकडी पट्ट्या द्या म्हणजे पियानोची चाकं अधांतरी राहतील. दोन रॅचेट बेल्ट (खटक्याने आवळायचे पट्टे), एक पट्ट्यांच्या फळीच्या खालून आणि एक वरून, दोन्ही गोधडीवरून आणि मागच्या खांबांना धरून. पाठीवर झोपवून कधीच नाही, आणि त्याच्यावर एक खोकंही नाही.

मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर आहे, एक्स्प्रेसवेनेच जायला सांगा, पहाटे लवकर निघा म्हणजे ऊन चढायच्या आत घाट पार होतो आणि दुपारी बंद गाडीची भट्टी होते तेव्हा पियानो घरात असतो. पॅकर्सशी बोलताना एक वाक्य लिहून घ्या, गाडी मध्ये कुठल्याही गोडाऊनला खाली होणार नाही आणि दुसऱ्या गाडीत माल बदलणार नाही. पार्ट लोडमध्ये, म्हणजे दुसऱ्यांच्या सामानाबरोबर एकाच गाडीत, स्वस्त पडतं, पण तेवढ्यात पियानो चार वेळा जास्त उचलला जातो.

कोथरूडच्या लिफ्टचं. लिफ्टमधल्या पाटीवर माणसं आणि किलो लिहिलेले असतात, आपल्याकडे माणशी ६८ किलो धरतात, म्हणजे ६ माणसांची लिफ्ट ४०८ किलोची आणि ८ माणसांची ५४४ किलोची. वजनाच्या हिशेबात पियानो, डॉली आणि दोन माणसं बसतात, अडचण केबिनच्या मापाची असते. ८ माणसांची केबिन साधारण १३० बाय ११० असते, त्यात १५३ चा पियानो आडवा जात नाही. बिल्डिंगला स्ट्रेचर लिफ्ट, म्हणजे स्ट्रेचर मावेल एवढी लांब लिफ्ट असेल तर तुमचं काम झालं. नसेल तर पियानो एका टोकावर उभा करून नेता येतो, ते मी स्वतः पाहिलंय आणि पियानोला काही होत नाही, पण रोज पियानो हलवणाऱ्यांनीच ते करावं, कपाटवाल्यांनी नाही. सोसायटीची एनओसी आणि लिफ्टला आतून ओरखडे पडू नयेत म्हणून लावायची फळी आधीच सांगून ठेवा, नाहीतर सातव्या मजल्यापर्यंत जिना.

आता हवा. मुंबईत बारा महिने दमट, पुण्यात मे महिन्याच्या दुपारी हवेतला ओलावा ३० टक्क्यांच्याही खाली जातो. पियानोला साधारण ४० ते ५५ टक्के मानवतं. साउंडबोर्ड ओलाव्याने फुगतो तेव्हा सूर चढतात, सुकतो तेव्हा उतरतात, आणि फार पटकन सुकला तर तडकतो. म्हणून माझ्या मते मुंबईहून पुण्याला पियानो न्यायला सगळ्यात वाईट महिने मार्च ते मे, आणि सगळ्यात चांगला काळ पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर, तेव्हा दोन्हीकडच्या हवेत फारसा फरक नसतो. तुमच्या गिरगावच्या घराचा ताबा तोपर्यंत तुमच्याकडे असेल, तर मुंबईत कोणा नातेवाइकांकडे तळमजल्यावर ठेवता येत असेल, तरी दोनदा उचलण्यापेक्षा आहे तिथेच राहू द्या आणि ऑक्टोबरमध्ये न्या. ते शक्यच नसेल तर मेमध्ये न्या, पण पुण्यात पहिले दोन महिने सांभाळा.

सांभाळायचं म्हणजे काय, तर तो हीटर रॉड पुण्यात उन्हाळ्यात लावू नका. मी हे फार ठळकपणे सांगतोय कारण मुंबईहून आलेली माणसं सवयीने पहिल्याच दिवशी प्लग लावतात, आणि आधीच कोरड्या हवेत पियानो आतून भाजून निघतो. पावसात लावा, दिवाळीला काढा. खोलीत ओलावा दाखवणारं छोटं मीटर ठेवा, स्वस्तात मिळतं. पियानो आतल्या भिंतीला, पश्चिमेच्या खिडकीपासून लांब, एसीचा झोत थेट येणार नाही असा, बाथरूमची भिंत टाळून, भिंतीपासून चार-पाच इंच सोडून ठेवा. चाकांखाली जाड लाकडी किंवा रबरी वाट्या द्या, नाहीतर नवीन टाइल्सवर सगळा भार चार ठिपक्यांवर येतो.

पोचल्यावर प्लास्टिक लगेच काढा, गोधड्या चार-सहा तास राहू द्या. मग मधलं पेडल सोडवा आणि पट्ट्या वाजवून ते जुनं रेकॉर्डिंग शेजारी लावून ऐका. एखादं पेडल मेलेलं वाटलं तर घाबरू नका, खालची फळी उघडा, आत उभी लाकडी काठी दिसेल जी पेडलची हालचाल वर नेते, प्रवासात ती आपल्या खुंटीवरून निसटलेली असते, परत बसवली की पेडल चालू. एखादी पट्टी अडकली, दोन हॅमर एकमेकांत अडकले, हेही होतं, ते ट्यूनरवर सोडा. घर्र असा आवाज आला तर आधी बिजागऱ्यांचे आणि मागचे स्क्रू तपासा.

ट्युनिंग लगेच करू नका. मेमध्ये आला तर सूर उतरतील, कानाला खटकेल, तरी थांबा, पाऊस स्थिरावला की जुलैच्या मध्यात पहिलं ट्युनिंग आणि दिवाळीनंतर दुसरं. ऑक्टोबरमध्ये नेला तर तीन-चार आठवड्यांनी एकच पुरेल.

ताई, जमलं तर लँडिंगची दोन मापं, कठड्यापासून भिंत आणि भिंतीपासून पहिली पायरी, आणि कोथरूडच्या लिफ्टच्या केबिनची लांबी-रुंदी-उंची कळवा, दाराची रुंदी पण. जिन्याखाली टेकू आहे का तेही. त्यावरून जिन्याने की बाल्कनीतून, ते मी नक्की सांगतो.